मुंबई ते दिल्ली : अंतर किती आणि वेळ किती?

दिल्लीच्या शाखेत बदली होऊन गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याला रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून दूरध्वनी येतो. वडिलांना रुग्णालयात दाखल केलेले असते. सकाळी शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. "किती वाजेपर्यंत पोचशील रे?" हा आईचा पहिला प्रश्न. सहकारी मनातल्या मनात हिशेब करतो आणि सांगतो, "सहाचं विमान धरतो. दोन तासांचा तर प्रवास आहे. आठला तुझ्यापाशी असेन." प्रत्यक्षात तो रुग्णालयाच्या दारात उतरतो, तेव्हा दहा वाजायला आलेले असतात. विमानाला विलंब झालेला नसतो, रस्त्यात अपघात झालेला नसतो, काहीच बिघडलेले नसते. चुकलेला असतो तो केवळ हिशेब.

आपल्यासारख्या देशभर विस्तारलेल्या बँकेत बदली ही नित्याची बाब आहे. ग्राहकांपैकीही अनेकांची मुले-मुली दूरच्या शहरांत नोकरी करतात. त्यामुळे 'विमानाने किती वेळ लागतो?' हा प्रश्न केवळ पर्यटकांचा राहिलेला नाही. तो घरोघरी विचारला जातो. दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा काळ यांचे नाते वरवर दिसते तितके सरळ नाही. देशातील सर्वाधिक गजबजलेल्या मार्गांपैकी एक असलेल्या मुंबई-दिल्ली मार्गाच्या आधारे ते समजून घेऊ.

सरळ रेषेतील अंतर

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, तर दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ साडेअठ्ठावीस अंशांच्या किंचित पुढे आहे. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले या दोन विमानतळांमधील कमीत कमी अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. वैमानिकांच्या भाषेत ते सुमारे ६१५ सागरी मैल होते. मुंबईहून निघालेल्या विमानाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण २१ अंश कललेली असते.

हेच अंतर मुंबई सेंट्रलहून नवी दिल्लीला जाणाऱ्या लोहमार्गाने सुमारे १,३८५ किलोमीटर आहे. १९७२ साली या मार्गावर सुरू झालेली राजधानी एक्सप्रेस आज हे अंतर साधारण साडेपंधरा तासांत कापते. लोहमार्गाला बडोदा, रतलाम, कोटा अशी गावे जोडत जावे लागते; नद्या आणि घाट यांचा विचार करावा लागतो. विमानाला तो करावा लागत नाही. म्हणूनच आकाशातील वाट जवळजवळ अडीचशे किलोमीटरने कमी आहे.

आता साधे गणित करू. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. १,१४० ला ८३० ने भागले की उत्तर येते सुमारे ८२ मिनिटे. मात्र वेळापत्रकात याच प्रवासाला सर्वसाधारणपणे दोन तास दहा ते वीस मिनिटे दिलेली असतात. मग उरलेली पाऊण-एक तासाची रक्कम कोणत्या खात्यात जमा होते?

उरलेल्या मिनिटांचा जमाखर्च

पहिली गोष्ट म्हणजे, तिकिटावर छापलेली वेळ आकाशातील वेळ नसते. विमान आपल्या उभ्या राहण्याच्या जागेवरून हलते तो क्षण 'प्रस्थान', आणि गंतव्य विमानतळावर नेमून दिलेल्या जागी येऊन थांबते तो क्षण 'आगमन' मानला जातो. या दोहोंच्या मधला सर्व काळ प्रवासकाळात धरतात. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाणे, रांगेत थांबणे यांत गर्दीच्या वेळी पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. उतरल्यावरही दिल्लीसारख्या विस्तीर्ण विमानतळावर विमानाला धावपट्टीपासून आपल्या जागेपर्यंत बरेच अंतर चालावे लागते. म्हणजे सुमारे अर्धा तास जमिनीवरच खर्ची पडतो.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ८३० किलोमीटर हा वेग विमान वर पोहोचल्यानंतरचा आहे. दहा हजार फुटांखाली, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीच्या आत, विमानांना सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, या मर्यादेत राहावे लागते. पस्तीस हजार फुटांवरून खाली येण्यासाठी जवळजवळ दोनशे किलोमीटरचा टप्पा लागतो. दिल्लीला जाणारे विमान जयपूरच्या अक्षांशाच्या आसपास असतानाच उतरणीला लागलेले असते. अकराशे-चाळीस किलोमीटरच्या प्रवासात चढण आणि उतरण यांचा वाटा मोठा असल्यामुळे सरासरी वेग अपेक्षेपेक्षा बराच कमी राहतो.

तिसरी गोष्ट धावपट्ट्यांच्या दिशेची. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमाने बहुतेक वेळा पश्चिमेकडे, अरबी समुद्राच्या दिशेने उड्डाण करतात. जायचे असते उत्तरेला. त्यामुळे आधी समुद्रावर जाऊन मग उजवीकडे वळावे लागते. दिल्लीच्या चारही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिमच आहेत. दक्षिणेकडून आलेले विमान सरळ खाली उतरू शकत नाही. त्याला वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते, म्हणून कोणत्या टोकाने यायचे हे त्या वेळचा वारा ठरवतो.

चौथी गोष्ट आकाशातील वाटांची. सरळ रेषा नकाशावर काढता येते, पण संरक्षण दलांसाठी राखीव असलेले हवाई क्षेत्र टाळून जाणे अनेकदा भाग पडते. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ ६० टक्के भागच नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सांगितले होते. हे निर्बंध शिथिल केल्यास नागरी विमान वाहतुकीचा वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असा अंदाजही त्या वेळी मांडण्यात आला. वळसा थोडक्या मिनिटांचा असतो, परंतु तो दररोज शेकडो विमाने घेतात, तेव्हा त्याचे मोल कोटींच्या घरात जाते.

या चार बाबींची बेरीज केली की ८२ मिनिटांचे दोन तास दहा मिनिटे कसे होतात, हे ध्यानात येते.

गर्दीचा भार

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमाने जास्त आणि धावपट्टी एक, अशा स्थितीत आलेल्या विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने या प्रश्नाची दखल घेतली. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे मंत्रालयाने नमूद केले आणि गर्दीच्या काळातील विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ वर आणण्यात आली. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळते आणि त्याची किंमत १.८ लाख रुपयांच्या आसपास जाते, असा हिशेबही त्या वेळी देण्यात आला होता. हा खर्च शेवटी प्रवाशाच्याच तिकिटात उतरतो, हे वेगळे सांगायला नको.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आता 'मुंबई' असे म्हणताना कोणता विमानतळ, हे तिकीट काढतानाच पाहून घेणे आवश्यक झाले आहे. दोन्ही विमानतळांपासून दिल्लीच्या अंतरात विशेष फरक नाही; मात्र बोरिवलीच्या आणि पनवेलच्या प्रवाशासाठी घर ते विमानतळ या अंतरात फार मोठा फरक पडतो.

वारा : साथीदार आणि विरोधक

एकाच मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा काळ वेगळा का असतो, असा प्रश्न मुंबई-कोलकाता असा प्रवास करणाऱ्यांना नेहमी पडतो. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पावसाळ्यात हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो.

मुंबई-कोलकाता हे हवाई अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर आहे. वारा नसता, तर ताशी ८३० किलोमीटरने ते १२० मिनिटांत पार झाले असते. समजा, पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटर आहे. कोलकात्याला जाताना जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग ९३० होईल आणि १०७ मिनिटे लागतील. परतताना वेग ७३० होईल आणि १३७ मिनिटे लागतील. म्हणजे जाण्या-येण्यात अर्ध्या तासाचा फरक! येथे आणखी एक गंमत आहे. जाताना मिळालेला लाभ आणि येताना झालेला तोटा यांची फिटंफाट होत नाही. लाभ १३ मिनिटांचा, तोटा १७ मिनिटांचा. विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोट्याची बाजू नेहमी जड असते.

मुंबई-दिल्ली मार्ग उत्तरेकडे जात असल्याने पश्चिमेचा वारा बहुतांशी आडवा लागतो. त्यामुळे फरक पडतो, पण कोलकात्याइतका नाही.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, या समजाला धक्का देणारे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान प्रथम अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर अधिक लांबीचा होता. तरीही पाठीवर वारा घेतल्यामुळे ते सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तासांची बचत झाली.

वेळेला कायद्याचे आणि पैशाचे मोल

उड्डाणाच्या काळाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या ग्राहकांनी अवश्य जाणून घ्यावी. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा शासनाने सर्व मार्गांची उड्डाणकाळानुसार सात गटांत विभागणी करून भाड्याच्या मर्यादा ठरवल्या. मुंबई-दिल्ली मार्ग ९० ते १२० मिनिटांच्या गटात होता आणि त्याचे भाडे ३,५०० ते १०,००० रुपयांच्या दरम्यान बांधलेले होते. ३१ ऑगस्ट २०२२ पासून या मर्यादा उठल्या. त्याआधी २०१६ साली आलेल्या 'उडान' योजनेतही सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या, उड्डाणासाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवण्यात आली होती. अंतर आणि वेळ यांवरून तिकिटाची किंमत ठरवण्याचा हा प्रयत्न होता.

नुकसानभरपाईचे नियमही वेळेवरच आधारलेले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ मधील सुधारित नियमांनुसार, पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास तासाभरापर्यंतच्या प्रवासासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक प्रवासासाठी १०,००० रुपये, किंवा एका वेळचे मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय ठरवण्यात आली. येथे वेळापत्रकातील काळ, म्हणजे जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा काळ, धरला जातो. म्हणून मुंबई-दिल्ली मार्ग आकाशात पावणेदोन तासांचा असला, तरी नियमाच्या दृष्टीने तो दोन तासांहून अधिक कालावधीच्या गटात येतो. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमानाला दोन तास वा अधिक विलंब झाल्यास विमानतळावर खाण्यापिण्याची सोय करणे, तसेच विलंब सहा तासांहून अधिक असल्यास पर्यायी उड्डाण किंवा भाड्याचा पूर्ण परतावा देणे कंपनीवर बंधनकारक करण्यात आले. धुके, वादळ, सुरक्षेची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी मात्र रोख भरपाई मिळत नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात. तेव्हा प्रवासापूर्वी प्रचलित तरतुदी पाहून घ्याव्यात.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा विचार करावाच लागतो. धावपट्टीवर केवळ ५० मीटरपर्यंत दिसत असतानाही विमान उतरवता येईल, अशी यंत्रणा दिल्लीत आहे. परंतु त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघेही सज्ज व प्रशिक्षित असावे लागतात, आणि विमानांमधील अंतर वाढवावे लागत असल्याने ताशी संख्या घटते. म्हणून त्या दिवसांत पहाटेच्या उड्डाणावर महत्त्वाचे काम बेतू नये. शक्य असल्यास आदल्या दुपारी निघावे.

टपालाच्या थैलीपासून संगणकापर्यंत

विमान आणि बँक यांचा संबंध जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले त्यांचे छोटे पस मॉथ विमान दुपारी दोनच्या आत पोहोचले होते.

पुढे १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरला एकत्र येत. मध्यरात्रीनंतर सोनेगाव विमानतळावर थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. परगावचे धनादेश आणि धनाकर्ष टपालानेच जात, त्या काळात विमानाचा वेग हाच व्यवहाराचा वेग होता. थैली उशिरा आली, तर खात्यात रक्कम उशिरा जमा होई. ज्येष्ठ सहकाऱ्यांना परगावचा धनादेश वसुलीसाठी पाठवल्यावर ग्राहकाने रोज येऊन केलेली विचारपूस आजही आठवत असेल.

मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी सेवा सुरू झाली. धनादेशाचा कागद न हलवता त्याची प्रतिमा पाठवण्याची पद्धत २००८ साली दिल्लीत, २०११ साली चेन्नईत आणि २०१३ साली मुंबईत आली. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, बारा महिने उपलब्ध आहे. पैशापुरते तरी मुंबई-दिल्ली अंतर आता उरलेले नाही.

दारापासून दारापर्यंत

माणसाला मात्र अजूनही १,१४० किलोमीटर जावेच लागते. म्हणून हिशेब विमानतळापासून विमानतळापर्यंत नव्हे, तर दारापासून दारापर्यंत करावा. घरून विमानतळाला पोहोचण्यास एक तास. सामान देणे, सुरक्षा तपासणी आणि विमानात बसणे यांसाठी दोन तास. प्रवास सव्वादोन तास. सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. आणि शहरातील रस्त्यावर पुन्हा एक तास. बेरीज होते पावणेसात तास. सामान देण्याच्या खिडक्या उड्डाणापूर्वी साधारणतः एक तास बंद होतात, हेही विसरू नये. जवळ केवळ हातातील पिशवी असेल आणि आसनपत्र घरूनच काढलेले असेल, तर तासभर वाचू शकतो; त्याहून अधिक नाही.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. रात्री दूरध्वनी आला, तेव्हा त्या सहकाऱ्याने "आठला येतो" असे सांगण्याऐवजी "दहा वाजतील, उशीर झाला तर अकरा" असे सांगितले असते, तर आईने दोन तास दाराकडे पाहत काढले नसते. संमतीपत्रावर जवळच्या दुसऱ्या नातेवाइकाची सही चालेल का, हे रात्रीच विचारून घेता आले असते. काकांना किंवा बहिणीला पहाटे रुग्णालयात बोलावता आले असते. अनामत रक्कम तर त्याने दिल्लीतूनच, विमानतळावर निघण्यापूर्वी, त्याच रात्री रुग्णालयाच्या खात्यात पाठवली असती.

ही कामे पहाटेच्या विमानाची वाट पाहत नाहीत. तेव्हा घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावचा दारापासून दारापर्यंतचा वेळ एकदा शांतपणे मोजून ठेवावा आणि तो घरच्यांनाही सांगून ठेवावा. आणीबाणीच्या रात्री नव्याने गणित करण्याची वेळ येऊ नये. विमानाचा वेग आपल्या हाती नाही. दिलेला शब्द पाळता येईल असा हिशेब करणे मात्र आपल्या हाती आहे.